क्वाइट खूश

इंग्रजीतलं 'खूप' नेमकं कुठवर खूप असतं, हे अख्ख्या नाचणगावात मोहिनीबाईंइतकं कुणालाच कळत नव्हतं. मोबाइलवरचे शहात्तर पाठ त्यांनी वांगी तोडता तोडता ऐकून संपवले होते. टू म्हणजे नको तितकं, क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी आणि हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच.

म्हणूनच लेकीला, आचलला बघून गेलेल्या आष्टीच्या श्रावणचा मेसेज वाचून त्या हातातली वांगी टाकून उठल्या. पोरानं इंग्रजीत लिहिलं होतं, 'आय वर्क हार्डली. आय लाइक आचल टू मच.'

"पोरगा काम करतच नाई," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अन् आपली आचल त्याले नको तितकी आवडते."

खुशालराव कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. "मंग कमी आवडाले पायजे होती का?"

"तुमाले काई समजत नाई."

त्यांनी तोलूनमापून उत्तर धाडलं, 'वुई आर क्वाइट हॅपी.' बऱ्यापैकी. आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता आष्टीची एसटी धरली.

श्रावणच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानाला भरदुपारी कुलूप होतं.

"रोज असंच राह्यते का?" त्यांनी शेजारच्या पानवाल्याला विचारलं.

"रोज? तो तं जेवाले पण उठत नाई, बाई. आजच नाई आला."

मोहिनीबाईंनी डोळे बारीक केले. पानवाला फितूर होता.

संध्याकाळी घरी परततात तो अंगणातल्या खाटेवर श्रावणची आई विमलाबाई, बाजूला मान खाली घातलेला श्रावण, आणि समोर उभी आचल.

"खरं सांगजो पोरी, काय लपवून राह्यले तुमी?" विमलाबाई विचारत होत्या.

"आमी काऊन लपवू?" मोहिनीबाई फाटकातूनच म्हणाल्या.

"तुमीच तं लिवलं. यानं वाचून दाखवलं, क्वाएट हॅपी. गुपचूप खूश. स्थळ पसंत हाय, तं गुपचूप काऊन?"

इंग्रजी स्पेलिंगमधली शेवटची दोन अक्षरं मागेपुढे झाली की 'बऱ्यापैकी'चं 'गुपचूप' कसं होतं, हे समजावण्यात चहा निवला. मग हार्डली निघालं.

"मेहनत करतो, असं लिवाचं होतं," श्रावण पुटपुटला.

"अन् टू मच?"

त्याचे कान लाल झाले. "ते बरोबर हाय, मामी."

आचल पदराआड हसली अन् म्हणाली, "मराठीत सांगतो आता. मले पसंत हाय."

विमलाबाईंनी विहिणीकडे पाहिलं. मोहिनीबाईंनी पुन्हा डोळे बारीक केले.

"पसंत म्हणजे कितपत?"