तीच नदी, निम्म्या भावात

कॉलेजच्या खरेदी विभागातले हेडक्लार्क जन्मभर एकाच नियमाने जगत आले होते. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की तीन कोटेशनं मागवायची आणि सगळ्यांत कमी भावाचं घ्यायचं. कॉलेजातल्या खुर्च्या, पंखे, खडू, कुलपं, सगळं याच वाटेने आलं होतं. (प्राध्यापक मंडळी खुर्चीत बसताना एक पाय जमिनीत रोवून बसत आणि कुलपं नुसती किल्ली दाखवली तरी उघडत, तो भाग वेगळा.) सगळं कॉलेज त्यांना 'कोटेशनराव' म्हणायचं. लोक कौतुकाने म्हणतात, अशी त्यांची समजूत होती.

घरातही तीच तऱ्हा. केस कापायचे तरी तीन दुकानांत डोकावून मगच मान खाली घालायचे. लग्नाच्या वेळी मात्र त्यांनी मुलीला एकदाच पाहिलं आणि हो म्हणून टाकलं. "आयुष्यात तेवढी एकच खरेदी बिनकोटेशनची केलीत," असं बायको अधूनमधून म्हणायची. त्यात तक्रार किती आणि लाड किती, हे विचारायचं धाडस कोटेशनरावांना कधी झालं नाही.

बायको हॉस्पिटलात नर्स. गल्लीतली पोरंसोरंसुद्धा तिला सिस्टरबाई म्हणायची. शेवटची ड्यूटी संपवून, निरोपाचा हार गळ्यात तसाच ठेवून ती घरी आली आणि पर्समधून एक रंगीत पत्रक काढून तिने जेवणाच्या टेबलावर ठेवलं. नदीतल्या बोटीची सहल. आठवडाभर बोटीतच राहायचं, काठाकाठाची गावं बघायची. चित्रात बोटीच्या डेकवर वेताची खुर्ची होती, खुर्चीत एक बाई पाय लांब करून बसली होती आणि समोर नदी पसरली होती.

"अहो, मला इथे बसायचंय."

"कुठे?"

"या खुर्चीत. ही बाई उठली की."

कोटेशनराव हसले. ती हसली नाही.

"वॉर्डात माझा जन्म उभ्याने गेला. जेवले उभ्याने, चहा प्यायले उभ्याने. आता मी बसणार आणि नदी चालणार. बाकी मला काही नको."

कोटेशनरावांनी पत्रक उलटलं. भाव मागच्या बाजूला होता. तो वाचून ते उठले, माठातलं पाणी प्यायले, परत येऊन बसले आणि पुन्हा वाचला. आकडा पाण्याने काही उतरला नव्हता.

"नदी काय त्या बोटवाल्याच्या तीर्थरूपांची आहे?" ते म्हणाले. "तीच नदी, तीच गावं. आपण बसने जाऊ, काठावरच राहू, खिडकीतून बघू. सगळं निम्म्या भावात!"

"आणि खुर्ची?"

"खुर्ची देतो."

"समोर नदी?"

"समोर नदी! नाही दिसली तर तू म्हणशील ते मुकाट्याने ऐकेन."

"मला काही होत नाहीये हो सिस्टर" असं म्हणणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं सिस्टरबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "लक्षात ठेवा हं," एवढंच म्हणाल्या.

कोटेशनराव कामाला लागले. प्रत्येक गावातल्या तीन-तीन खोल्यांचे भाव आले. त्यात त्यांना एक नवल आढळलं. अगदी पाण्याला लागून असलेल्या, 'खिडकीतून थेट नदी' असलेल्या खोल्या एरवी परवडत नव्हत्या, पण काही ठरावीक रात्री भाव एकदम निम्मा होत होता.

"त्याच रात्री स्वस्त का हो?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"गर्दी नसेल."

"का नसेल?"

"अगं, भाव कमी असला की कारण विचारायचं नसतं." (याच तत्त्वावर कॉलेजात पंखे आले होते.)

आणि काय योग बघा, त्या स्वस्त रात्री एका गावामागून दुसऱ्या गावाला, नदी उतरत जाते त्याच क्रमाने ओळीने येत होत्या. जणू कोणीतरी त्यांच्यासाठीच लावून ठेवल्या होत्या. कोटेशनरावांनी धडाधड खोल्या पक्क्या केल्या आणि ऑफिसात चार दिवस छाती काढून फिरले.

तेवढ्यात सिस्टरबाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा त्याच बोटीने निघाले होते! हे साडूभाऊ गाद्यांच्या दुकानाचे मालक. माणूस आडवं होण्यासाठीच जन्माला येतो, असं ते गिऱ्हाइकांना सांगत आणि स्वतःही तसेच वागत.

"चला की आमच्याबरोबर!" साडूभाऊ फोनवर म्हणाले. "एक केबिन शिल्लक आहे."

"आम्ही स्वतंत्र प्रवासी," कोटेशनराव ताठ आवाजात म्हणाले. "गाइडच्या छत्रीमागे कळपाने फिरणं आपल्याला नाही जमत."

"बरं बरं. वाटेत दिसलात तर हात करा."

पहिल्या गावात बस उशिरा पोचली. उतरताक्षणीच मोठ्या सुटकेसचं एक चाक निखळून गटारात गेलं. (सुटकेसही तीन कोटेशनांतूनच निवडलेली.) दगडी रस्त्यावरून ती खरडत, ओढत, शिव्या गिळत दोघं खोलीपर्यंत आली. खोली वरच्या मजल्यावर. सिस्टरबाई गुडघ्यावर हात टेकत एकेक पायरी चढल्या. घरमालकिणीने किल्ली दिली आणि दोघांकडे जरा दयेनेच बघितलं.

"खोली चांगली आहे. पडदा शक्यतो सकाळी उघडा."

तिला सूर्योदयाचं कौतुक दिसतंय, असं कोटेशनरावांना वाटलं. ते कुठले सकाळपर्यंत थांबायला? त्यांनी खुर्ची बरोब्बर खिडकीसमोर मांडली, बायकोला तीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि एका झटक्यात पडदा सारला.

"उघडू डोळे?"

कोटेशनरावांनी पडदा पुन्हा ओढून घेतला आणि पुन्हा सारला.

"अहो?"

"थांब जरा."

खिडकीबाहेर नदी नव्हती. एक पांढरी लोखंडी भिंत होती. वर बघावं तर भिंत, खाली बघावं तर भिंत. तिच्यात नेमकी समोर, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर एक खिडकी होती आणि त्या खिडकीत पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, हातात चहाचा कप घेऊन साडूभाऊ उभे होते.

"अरेच्चा!" साडूभाऊंचा चहा हिंदकळला. "हात करा म्हटलं होतं खरं, पण इतक्या जवळून कराल असं नव्हतं वाटलं!"

सिस्टरबाईंनी डोळे उघडले. "अगंबाई, भावोजी! धाकटी कुठाय?"

धाकटी धावत आली. दोन्ही बहिणींनी आपापल्या खिडकीत कोपर टेकून गप्पा सुरू केल्या. धाकटीने छत्रीच्या मुठीला पिशवी अडकवून केक पाठवला. छत्री ये-जा करत राहिली आणि कोटेशनराव तेवढा वेळ खाली वाकून बुटाची नाडी सोडत होते. ती केव्हाच सुटली होती.

"योगायोग," नंतर ते म्हणाले. "सकाळी बोट गेली की नदीच नदी!"

बोट सकाळी गेलीही. पण पुढच्या गावाची बस तिच्याआधी सुटत होती, त्यामुळे नदी बघायला खोलीत कोणी नव्हतं.

दुसऱ्या गावात त्यांनी जिना चढण्याआधीच मालकाला गाठलं. "खिडकीतून नदी दिसते ना?"

"दिसते की. बोट नसली म्हणजे."

"आणि बोट कधी असते?"

"भाव निम्मा असतो त्या रात्री," मालक म्हणाला. "बोट खिडकीलाच येऊन लागते, काही दिसत नाही, म्हणून तर भाव उतरवतो. नाहीतर एवढ्यात कोण देईल अशी खोली? तुम्ही मुद्दाम बोट बघायलाच आलात ना?"

कोटेशनरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गावोगावच्या स्वस्त रात्री निवडून निवडून त्यांनी बोटीचं वेळापत्रकच स्वतःच्या हाताने तयार केलं होतं.

सिस्टरबाई त्या मोडक्या सुटकेसवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे बोट जाईल तिथे तिथे आपण! आणि नदी तिच्या पलीकडे! अहो, मग बोटीनेच आलो असतो की!"

हसता हसता त्या थांबल्या आणि गुडघा चोळू लागल्या.

"खरं सांगू का? हसतेय, पण मला वाईट वाटतंय. मी फार काही मागितलं नव्हतं हो."

कोटेशनराव सुटकेस एकट्यानेच उचलून वर घेऊन गेले.

वर पडदा उघडला तर समोरच्या खिडकीत साडूभाऊ होतेच, पण तोंड लांब करून.

"कंटाळलो हो!" ते म्हणाले. "दुकानात दिवसभर गाद्या आणि इथे येऊनही आडवाच. एक ताट संपलं की दुसरं येतं. ही म्हणते, बोलायला माणूस नाही, तुम्ही नुसते घोरता. सकाळी तुम्ही बसच्या मागे पळत होतात ना, मी डेकवरून बघत होतो. काय मजा असते हो तुमची!"

सिस्टरबाई पुढे सरकल्या. "भावोजी, तुम्हाला पळायचंय?"

"हो ना!"

"आणि मला बसायचंय. अहो, नदी दिसली नाही तर मी म्हणेन ते मुकाट्याने ऐकणार होतात ना?"

कोटेशनरावांनी मुकाट्याने मान हलवली. बोटीच्या मॅनेजरने डोकं खाजवलं, केबिन दोघांची आहे आणि माणसं दोनच राहतात, एवढं तपासलं आणि हरकत नाही म्हणाला. साडूभाऊ खाली उतरले आणि सिस्टरबाई चाकं शाबूत असलेली सुटकेस घेऊन बोटीवर गेल्या. मोडकी मागे ठेवली, नवऱ्याबरोबर.

त्या रात्री साडूभाऊंनी पलंगावर बसून गादी दोन बोटांनी दाबली आणि ते लगेच उठून उभे राहिले.

"ही ओळखलीत का? तुमच्या कॉलेजच्या होस्टेलला मी दिली होती, तसलीच आहे. सगळ्यांत कमी भावाची. घेऊ नका असं तेव्हाच म्हटलं होतं मी."

"मुलांनी कधी तक्रार केली नाही," कोटेशनराव म्हणाले.

"कशी करतील? मुलं जमिनीवर झोपायची."

मग दोघंही जमिनीवर झोपले.

साडूभाऊंना स्वतंत्र प्रवास भलताच मानवला. बस उभी असली तरी ते तिच्यामागे पळायचे. ड्रायव्हर घाबरून बस सोडायचा आणि मग दोघांनाही खरोखर पळावं लागायचं. पुढच्या गावात तर दमून दोघं इतके गाढ झोपले, की सकाळची बस निघूनच गेली. साडूभाऊ खाली चौकशीला गेले. कोटेशनराव खोलीत एकटेच उरले आणि तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला.

खिडकीतली पांढरी भिंत हलली. सावकाश सरकत गेली आणि तिच्यामागून नदी आली. रुंद, उन्हात चमकणारी, खिडकीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. बोट मधल्या धारेला लागली तेव्हा तिचा डेक दिसला. डेकवर वेताची खुर्ची होती आणि खुर्चीत सिस्टरबाई बसल्या होत्या. समोरच्या खुर्चीवर पाय लांब केलेले, चपला बाजूला काढून ठेवलेल्या, हात मांडीवर. काही करत नव्हत्या.

बायकोला असं बसलेलं आपण कधीच पाहिलं नाही, हे कोटेशनरावांच्या तेव्हा लक्षात आलं. फोनवर ती उभ्याने बोलायची, पेपर उभ्याने वाचायची, त्यांच्या आजारपणात उशाशीसुद्धा उभीच असायची. ते खिडकीतून निम्मे बाहेर वाकले आणि ओरडले, "अगं, नदी दिसली!"

सिस्टरबाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून हात वर करून ओरडल्या, "मला केव्हाची दिसतेय!"

कोटेशनराव खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि बोट वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. पत्रकामागचा तो आकडा त्यांना आठवला. तो काही फार नव्हता, असं आज त्यांना पहिल्यांदा वाटलं.

शेवटच्या गावच्या धक्क्यावर सगळे भेटले. साडूभाऊ उन्हाने रापले होते, पोट उतरलं होतं, धाकटीने त्यांना चटकन ओळखलंच नाही. सिस्टरबाईंचा चेहरा कसा निवांत दिसत होता. कोटेशनरावांनी बसमध्ये घोकून ठेवलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं.

"अगं, चुकलंच माझं. पुढच्या वर्षी आपण बोटीनेच जाऊ. एकही कोटेशन मागवणार नाही मी!"

"तुम्ही नकाच मागवू. मी मागवलीत."

"तू? बोटींची?"

"बोट तीच. सोबत कोणाला न्यायचं, त्याची. तीन आलीत. एक धाकटीचं, एक आमच्या मेट्रनबाईंचं आणि एक तुमचं, ते मीच भरलं. धाकटीला खिडकीकडचा पलंग हवा. मेट्रनबाईंना पहाटे फिरायला सोबत हवी. तुम्हाला काय, माझ्या शेजारी एक खुर्ची मिळाली की झालं. हो ना?"

"झालंच की!"

"म्हणजे सगळ्यांत कमी भाव तुमचाच."

कोटेशनरावांची छाती फुगली. ज्या नियमाची जन्मभर चाकरी केली, तो शेवटी कामाला आला होता. त्यांनी विजयी नजरेने साडूभाऊंकडे पाहिलं.

"मग ठरलं तर! मीच!"

सिस्टरबाईंनी त्या बिनचाकाच्या सुटकेसची मूठ प्रेमाने त्यांच्या हातात दिली.

"छे हो," त्या म्हणाल्या, "यापुढे कमी भावाचं काही घ्यायचं नाही, असं ठरवलंय मी."