हनुमंतांच्या छातीविषयी सर्वानुमते

माणसाचं हृदय त्याच्या स्वतःच्या छातीत असलं, तरी त्यावरचा हक्क सामायिक असतो. जमिनीला जसे सहहिस्सेदार असतात तसे छातीलाही असतात, आणि आमच्या मावळात एकाही सहहिस्सेदाराला डावलून फाळ किंवा सुरी चालवता येत नाही. ही पद्धत फार चांगली आहे. तिच्यामुळे आजवर कितीतरी घाईचे निर्णय टळले आहेत.

औंढ्याच्या हनुमंतांचंच बघा. छातीत दुखतं म्हणून तपासलं, तर हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी फुगलेली निघाली. पुण्याच्या सर्जननी समजावून सांगितलं की छाती उघडायची, फुगलेला भाग काढायचा आणि त्या जागी कापडी नळी शिवायची. धोका आहे, पण थांबलात तर ती कधीही फुटेल आणि मग दवाखाना गाठायलाही वेळ मिळणार नाही. याच आठवड्यात या. ऑपरेशन सरकारी योजनेत बसत होतं, त्यामुळे पैशाचं कारण उपलब्ध नव्हतं. (याने अनेकांची गैरसोय झाली.)

त्यांच्या पत्नी सरूबाई यांनी त्याच संध्याकाळी कपड्यांची पिशवी भरली. ही त्यांची चूक झाली, कारण अजून कुणालाच विचारलं नव्हतं. विचारलं नाही तर माणसं रुसतात, आणि रुसलेल्या आत्यावर वैद्यकशास्त्रात अद्याप इलाज नाही. शिवाय ऑपरेशनला रक्त देणारी माणसं लागणार होती, आणि ती सगळी भावकीतच होती.

म्हणून ओसरीवर बैठक बसली. उपस्थितांपैकी नव्वद टक्के लोकांना कुणाच्या ना कुणाच्या ऑपरेशनची पूर्ण माहिती होती. उरलेले दहा टक्के चहा करत होते. अशा दुखण्यात छाती उघडून आणि न उघडता असे दोन मार्ग असतात, आणि हनुमंतांच्या बाबतीत पहिलाच चालेल, असं सर्जन म्हणाले होते. बैठकीत चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत मार्ग सात झाले. सुदुंबऱ्याच्या येसूबाई आत्यांचा स्वतःच्या मोतीबिंदूचा अनुभव ताजा असल्याने त्यांनी बिनटाक्याच्या ऑपरेशनचा आग्रह धरला. एकांचे मेहुणे मनगटातून तार घालून तिसऱ्या दिवशी घरी आले होते. त्यांचं दुखणं निराळं होतं, पण घरी आले हे खरं होतं.

चुलतभाऊ कैलास यांचं कामशेतला शेतीच्या पाइपांचं दुकान असल्याने ते तांत्रिक सदस्य ठरले. हृदय थांबवून काम मशीनवर घेण्याला त्यांची हरकत नव्हती. मोटार बंद केल्याशिवाय जोड देता येत नाही, हे त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं. आक्षेप नळीवर होता. ते म्हणाले, "कापाड पान्यात कुजतं. हितं तर रगात हाये."

हनुमंतांचे धाकटे भाऊ सोपान लोणावळ्यात मुंबईच्या एका डॉक्टरसाहेबांच्या बंगल्याची राखण करतात. साहेब दातांचे डॉक्टर आहेत, पण बंगला बराच मोठा आहे. ते शनिवारी येणार होते. त्यांचं मत घेऊनच पुढे जावं, असं ठरू लागलं.

तेव्हा सरूबाई दारातून म्हणाल्या, "आवो, ह्यांना तरी इचारा. छाती ह्यांची हाये."

हनुमंतांना विचारण्यात आलं. ते खाली बघत म्हणाले, "मला भ्या वाटतंय. उद्याच न्या."

यावर गंभीर विचार झाला. परंतु या प्रकरणात हनुमंतांचा वैयक्तिक स्वार्थ गुंतलेला असल्याने त्यांचं मत धरता येत नाही, असं ठरलं. (ते रडत होते, हेही त्यांच्या विरोधात गेलं.) निर्णय शनिवारवर गेला.

शनिवारला जोडून सुट्टी आली होती. घाट तुंबला आणि साहेब खंडाळ्याच्या अलीकडे गाडीत अडकून राहिले. इकडे दुपारी हनुमंतांनी पाणी मागितलं. सरूबाई तांब्या घेऊन येईपर्यंत ते गेले होते. संध्याकाळी साहेब पोचले. वेळ ठरवून घेतलेली असल्यामुळे सोपाननी फाटकापाशी उभं राहून त्यांना विचारलंच. साहेब म्हणाले, असल्या दुखण्यात वेळ घालवायचा नसतो. दोन्ही डॉक्टरांची मतं जुळल्याचं भावकीला समाधान वाटलं.

दहाव्याला मात्र पहिल्यांदाच कसलाही वाद झाला नाही. उशीर झाला, यावर सर्वांचं एकमत होतं. येसूबाई आत्यांनी डोळे पुसून सरूबाईंना विचारलं, "तू तरी न्हाई का गं रेटायचं?"

"रेटलं की, आत्या," सरूबाई म्हणाल्या. "तुमी समदी वाटेत बसला व्हता."

हे उत्तर उद्धटपणाचं ठरलं. आता त्यांच्या वागण्यासंबंधी बैठक बोलावण्याचं चाललं आहे.

वाचकहो, तुम्हाला या मंडळींचा राग आला असेल. येणं साहजिक आहे. पण हनुमंतांचं दुखणं वाचताना तुमच्याही मनात एका ओळखीच्या डॉक्टरांचं नाव येऊन गेलं, आणि आधी एकदा त्यांना दाखवायला हवं होतं असंही वाटून गेलं. ते नाव जरूर कळवा. आता घाई नाही.