खंडेनवमीच्या तसबिरीपासोन ईमेलखात्यात शिरल्या दग्याची हकीकत

श्रीचे स्मरण करोन, ऐकणारांचे कल्याण चिंतून लिहिले ऐसे जे: शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन वद्य पंचमी. ते समयी बाजाच्या पेट्या घडविणारी एक दौलत नांदत होती, तिचे धनी श्रीमंत विश्रामराव सरकार, आणि पत्रांचा व ईमेलाचा कारभार अठरा वर्षे चिटणीस द्वारकाबाई रेगडे यांजकडे होता. त्या पंचमीस सकाळी दहाच्या ठोक्यास दौलतीच्या नावे सर्व गिऱ्हाइकांस आपोआप ईमेल गेले की, "आपणांस बक्षीस लागले, येथे बोट ठेवावे." आणि भजनी मंडळांचे फोनांवर फोन आले, आणि एका वृद्ध बुवांनी बोट ठेविले तो त्यांचा फोनच परस्वाधीन जाहला. मग बाईंनी तात्काळ पासवर्ड बदलिला, परंतु दुसरे दिवशी दहास ईमेल पुन्हा गेलेच. मग सरकार बहुत रागास आले आणि बोलिले, "बाई, नवा पासवर्ड एका तुम्हांसच ठावका. उद्या दहास पत्र गेले तर कारभार सोडून घरी बसावे." कारखानीस भिकाजीपंत मुळूक हसोन बोलिले, "बाई, माझे बक्षीस राहिले की!" बाई बोलिल्या, "पंत, आधी चोर सापडू द्या, मग तुम्हांस पेढे." ऐसे म्हणोन पदर खोचून संगणकापुढे ठाण मांडिले.

मग बाईंनी धाडिल्या पत्रांचे दप्तर पाहिले तो रिकामे, आणि कचऱ्याची पेटी उघडिली तो साऱ्या नकला तेथे पडलेल्या, आणि खात्याच्या सेटिंगा एकएक वाचिल्या तो परक्याने नियम बसविलेला, की रोज दहास पत्रे धाडावी आणि नकला कचऱ्यात लोटाव्या. आणि एक अनोळखी फोन खात्यात ठाण देऊन बैसला होता, तो पासवर्ड बदलिल्यानेही हलला नव्हता. त्याचे येणे खंडेनवमीचे सायंकाळचे. ते वाचताच बाईंस पूजेची आठवण जाहली. त्या दिवशी दौलतीच्या रिवाजाप्रमाणे किकरे, पटाशी ही सुतारी हत्यारे आणि संगणक यांची पूजा जाहली होती, आणि सरकारांनी स्वहस्ते पूजेची तसबीर फोनाने काढोन गिऱ्हाइकांच्या सर्व गटांत धाडिली होती. बाईंनी ती मोठी करोन पाहिली. संगणकाच्या तोंडावर झेंडूच्या माळेखाली चिठी डकविलेली, तीवर जुना पासवर्ड, सरकारांस चष्म्यावाचून दिसावा म्हणोन ठळक अक्षरी.

बाईंनी तसबीर सरकारांपुढे ठेविली आणि बोलिल्या, "चिठी माझे हातची, तसबीर सरकारांचे हातची. लपविणे नाही." सरकार झेंडूकडे पाहोन हळूच बोलिले, "बाई, आता कसे?" बाईंनी नियम पुसिला, अनोळखी फोन हाकलोन दिला, पासवर्ड पुन्हा बदलोन कोठे न लिहिता पाठ केला, आणि गिऱ्हाइकांस खरे काय ते कळवून माफी मागितली, बुवांचा फोन सोडविण्यास माणूस धाडिला. दुसरे दिवशी दहाचा ठोका पडला, सर्व फोनाभोवती उभे, आणि फोन खणाणला. एक भजनी गृहस्थ पुसते जाहले, "आज तुमचे बक्षीस आले नाही, सर्व खुशाल ना?" तेव्हा सरकारच प्रथम हसले, आणि पंतांनी आपण होऊन पेढे आणविले.

तात्पर्य इतकेच, चिटणिशी द्वारकाबाईंकडेच कायम राहिली. पुढील खंडेनवमीस संगणकास झेंडू वाहिला, हळदकुंकू जाहले, आणि बाईंच्या देखत सरकारांनी तसबीर घेतली ती संगणकाच्या पाठीची.