बॉक्सवरचा हात

आमच्या गल्लीतले वैजिनाथआप्पा स्पीकर कानानं ऐकत नाहीत, हातानं ऐकतात. कुणी नवा स्पीकर दाखवायला आणला की आप्पा तो उंबऱ्यावर ठेवायला लावतात, वाजवायला सांगतात, उजवा तळहात त्यावर टेकवतात आणि डोळे मिटतात. डॉक्टर पोट तपासतो तसं थोडं इकडं, थोडं तिकडं दाबून बघतात. मग निकाल देतात.

"ह्याला पोट न्हाय."

नाहीतर, "पोट हाय, पण उपाशी हाय."

मुरूम गावच्या बाजारामागं आमची गल्ली. तिच्या मध्यावर आप्पांचं 'श्री साउंड सर्व्हिस'. पंचक्रोशीतल्या लग्नांत तीसेक वर्षं त्यांचेच कर्णे वाजले. आता गावोगावी डीजेच्या गाड्या आल्या, पण लग्न लावताना मंगलाष्टकांचे शब्द शेवटच्या रांगेला कळावेत असं ज्यांना वाटतं, ते अजून आप्पांकडंच येतात. असे लोक दिवसेंदिवस कमी होत चाललेत.

समोरच्या किराणा दुकानवाल्या कमळाकाकूंचा पुतण्या एकदा निळा, गोल, पेरूएवढा ब्लूटूथ स्पीकर घेऊन आला. आप्पांनी तो उलटा केला, सुलटा केला, बुडाशी बघितलं.

"वायर दाखव."

"आप्पा, ह्याला वायर नसती."

"मग आवाज कुठनं यायलाय?"

"हवेतनं."

"हवेतनं धूळ येती. आवाज कुठनं आला ते दिसाय पायजे. ने हे."

'वायर दाखव' हा त्यांचा सगळ्या प्रश्नांवरचा प्रश्न. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला मजकूर पारावर कुणी मोठ्यानं वाचू लागलं, की आप्पा विचारणार, "हे कुणी लिवलंय?" वाचणारा म्हणणार, "पुढून आलंय." "पुढून म्हंजे कुठनं? वायर दाखव." तो बिचारा अर्धा तास बोट घासत वर वर जाणार आणि शेवटी कुठंच पोचणार नाही. "वायर न्हाय. तोड," म्हणून आप्पा उठून जाणार.

मला हा माणूस आवडला तो इथं. मी पत्रकांत वाढलो. वडील शेतमजुरांच्या संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात ज्वारीच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं पत्रकांवर शिकलो, त्यामुळं मला 'आई'च्या आधी 'निषेध' लिहिता यायला लागलं. पत्रकाच्या तळाशी प्रकाशकाचं आणि छापखान्याचं नाव पाहिजेच, निनावी कागद वाटणारा भित्रा असतो, हे वडिलांनी मनावर बिंबवलेलं. आप्पा तेच म्हणत होते, फक्त त्यांच्या धंद्याच्या भाषेत. मी त्यांना विचारसरणीचा माणूस समजलो. ते मला 'पत्रक्या' म्हणायचे.

हे लिहायच्या आधी मी त्यांची परवानगी घेतली. ते म्हणाले, "लिव. खाली नाव घाल. आन तुझं चुकल्यालं बी लिव." म्हणून तेही लिहितोय.

आप्पांची दुसरी सवय म्हणजे बोलायच्या आधी ते समोरच्याला खांद्याला धरून उन्हाच्या बाजूला फिरवायचे. "उजेडात ये. हां, आता बोल." पोस्टमन असो, नगरसेवक असो, सगळ्यांना हीच वागणूक. मी भारावून गेलो. एका पत्रकात मी लिहिलंसुद्धा, की आमच्या गल्लीतला एक श्रमिक कुणाचंच बोलणं अंधारात ऐकून घेत नाही. ते पत्रक आप्पांनी दुकानात चिकटवलं. वाचून मात्र माझ्याकडं बघून नुसते हसले.

फोनमध्ये काही नवं टाकायचं तर 'मला मान्य आहे' असं बटण दाबावं लागतं. सगळं जग ते डोळे झाकून दाबतं. आप्पांनी बोट वर उचललं आणि मला हाक मारली. "पत्रक्या, काय मान्य करायचंय ते वाच." मजकूर इंग्रजी. मी सलग तीन सकाळी उंबऱ्यावर बसून त्याचं मराठी करून सांगितलं. कंपनीला आपली संपर्कयादी का हवी, आपण कुठं जातो ते का हवं, यावर आप्पांनी तीन सकाळी कंपनीला शिव्या दिल्या आणि मी टाळ्या दिल्या. चौथ्या दिवशी फोनवर आलं, अटी बदलल्या आहेत. आप्पांनी फोन पालथा घातला. "सोयरीक मोडली."

मग आलं इंटरनेटचं प्रकरण. बाजाराच्या बाजूला वेगवान जाळं आलं. काळी वायर आमच्या गल्लीच्या तोंडाशी खांबाला गुंडाळून ठेवली आणि तिथंच राहिली. वर्ष झालं. आप्पा म्हणाले, अर्ज लिव. मी पेटलोच. दोन पानं लिहिली. रस्त्यासारखं जाळंही सगळ्यांचं असतं, पैसेवाल्याला वेगळा वेग आणि आम्हाला वेगळा वेग हे चालणार नाही, असं बरंच काही. आप्पांनी शांतपणे वाचलं.

"लई भारी. पण ह्यात माझं कुठं हाय?"

"तुमचं म्हणजे?"

"लिव की. व्हिडिओमधी माझ्या पोरीचं तोंड थांबतंय. ती तोंड उघडं ठिवून तशीच ऱ्हाती आन शब्द पुढं निघून जातेत."

मी हसलो. एवढ्या मोठ्या तत्त्वाच्या अर्जात पोरीचं तोंड! मी मान डोलावली आणि ती ओळ गाळून अर्ज पाठवला.

पोरगी म्हणजे नंदा. एकुलती एक, हैदराबादला दिलेली. बायको वारल्यापासून आप्पा एकटेच. नंदाचा फोन रविवारी सकाळी दहाला. व्हिडिओ धड चालत नाही म्हणून साधाच फोन. मात्र आप्पांच्या दारात साधं काहीच नसतं. साडेनऊपासून तयारी. मंडपातला कमरेएवढा बॉक्स उंबऱ्यात यायचा, अॅम्प्लिफायर जोडला जायचा, त्याची वायर फोनमध्ये खोचली जायची. आप्पा बॉक्सशेजारी खुर्ची टाकून, वर तळहात ठेवून बसायचे. दहाला अख्ख्या गल्लीत घुमायचं, "हॅलो आप्पा, जेवलाव का?"

धुणं थांबायचं. कमळाकाकूंच्या तराजूत साखर अर्धीच राहायची. नंदाच्या सासूचे गुडघे, नवऱ्याची रातपाळी, लेकाचे दात, सगळं आम्हाला तोंडपाठ. आप्पा मात्र थोडकंच बोलायचे. "व्हय." "बरं." "जपून ऱ्हा."

फोन संपला की परीक्षा. आप्पा दारोदार फिरायचे.

"कमळे, शब्द सुटे आले का?"

"आले की."

"काय म्हणली सांग बरं?"

"नातवाला दात आलाय."

"वरचा का खालचा?"

"खालचा हो, खालचा!"

"आन जावयाचं काय म्हणली?"

"रातपाळी सुटली. दिवसाची लागली."

"हां. मंग साउंड बराबर हाय."

कारागिराची मिजास, मी म्हणायचो. बेटं स्वतःच्या बॉक्सचं कौतुक दारोदार गोळा करतंय.

एका रविवारी नंदा रडली. सासूशी काहीतरी झालं होतं. ते रडणं कमरेएवढ्या बॉक्समधून गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं आणि आठवडाभर नळावर त्याचीच चर्चा झाली. माझं डोकं फिरलं. ज्या आठवड्यात मी 'खासगीपण हे दान नव्हे, हक्क आहे' हे पत्रक छापून आणलं होतं, त्याच आठवड्यात माझ्या डोळ्यांसमोर एका बाईचं दुःख चव्हाट्यावर वाजत होतं, आणि तेही जो माणूस कंपनीला संपर्कयादी देत नाही त्याच्या दारात! तत्त्व ते तत्त्व. मी नंबर मिळवला आणि नंदाताईला फोन केला.

"म्हंजे... समदी गल्ली आयकायली?" ती म्हणाली.

तिनं आप्पांना लिहून पाठवलं, बॉक्स लावू नका, फोन कानाला लावा. पुढच्या रविवारी बॉक्स बाहेर आला नाही. आप्पा खुर्चीत फोन कानाला दाबून बसले. "व्हय. बरं. जपून ऱ्हा." फोन संपल्यावर ते कुणाच्या दारी गेले नाहीत.

तीन रविवार असेच गेले. कमळाकाकू माझ्याशी धड बोलेना. "झालं का तुझ्या पत्रकाचं समाधान?" गप्पांचा विषय गेला म्हणून चिडलीय, असं मी मनाशी म्हटलं आणि ताठ मानेनं काडेपेटी घेऊन आलो.

चौथ्या रविवारी नंदाताईचा मलाच फोन आला. आवाज रडवेला.

"दादा, आप्पा माझ्यावर रुसल्यात का?"

"का हो?"

"म्या सांगितलं, जिन्यात घसरून पडले, हाताला पलिस्तर हाय. तर म्हणले, लई बेस झालं. असंच चालू दे."

मी तडक दुकानात गेलो. आप्पा पाठमोरे बसून अॅम्प्लिफायर उघडत होते. "आप्पा," मी म्हणालो. स्क्रू फिरत राहिला. "आप्पा!" फिरतच राहिला. तिसरी हाक मी ओरडूनच मारली. मग मी वळसा घालून समोर, दारातून येणाऱ्या उन्हात जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वर केली. त्यांची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. नेहमीच तिथं असायची. इतकी वर्षं मी त्याला विचारसरणी म्हणत होतो.

"नंदाताईचा हात मोडलाय," मी सावकाश म्हणालो.

"हात?" त्यांनी स्वतःचाच हात वर करून दाखवला. "आन म्या काय म्हणलो तिला?"

मला सांगावं लागलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, तो घरंगळला, परत उचलून ठेवला.

"बारीक आवाज पयले जातेत," ते म्हणाले. "कर्ण्याखाली उभारून जिंदगी गेली. आधी पाखरं गेली. मंग बाया. तुझ्यासारख्याचं तोंड बघून भागतंय. नंदीचं तोंड कुठंय हितं?"

"धाराशिवला जाऊ. कानाचं मशीन बसवू."

"कानात मशीन घालून साउंड लावाय गेल्यावर पुढचं लगीन कोण दील मला? आन नंदीला कळलं तर ती फोनवर वरडून बोलंल. पत्रक्या, तिचा आवाज वरडायचा न्हाय."

बाहेर आलो तर कमळाकाकू दुकानाच्या फळीवर कोपरं टेकून उभी. "कळलं व्हय आज?" ती म्हणाली. "समद्या गल्लीला ठावं हाय. म्हणून तर खालचा दात दोनदा सांगायचा आमी." खासगीपणावर पत्रक छापणारा मी एकटाच होतो, ज्याला ते खासगी कळलं नव्हतं. गल्लीनं ते नीट सांभाळलं होतं, आप्पांपासूनसुद्धा.

माझं तत्त्व खोटं नव्हतं. नंदाला विचारल्याशिवाय तिचा शब्द गल्लीत वाजवणं चूक, हे मी आजही म्हणतो. पण मी वायर तोडली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी आप्पांना उजेडात बसवून म्हणालो, "आता तुमची वायर दाखवा. तिला सांगा."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन पुढं केला. संदेश लिहिलेला होता, मला फक्त पाठवायचं बटण दाबायचं होतं. 'नंदी मला आयकू येत न्हाय. पन तू बोल.'

मी शुद्धलेखनाला हात लावला नाही.

त्या रविवारी साडेनऊला बॉक्स उंबऱ्यात आला. दहाला घंटी वाजली. "हॅलो," नंदा म्हणाली, आणि थोडं थांबून, "गल्लीला नमस्कार. साखर जोखून घ्या आधी, काकू." कमळाकाकू लाजून आत पळाली. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात बोलत होती नंदा. पण मधेच एकदोनदा थांबली, नाक ओढलं, आणि पुन्हा बोलू लागली. आप्पांचा तळहात बॉक्सवर होता.

मी पायरीवर बसून लिहून घेत होतो. खासगीपणाच्या पत्रकांचा अर्धा गठ्ठा उरला होता आणि मागची बाजू कोरी होती. प्लास्टर तीन आठवड्यांनी निघणार. सासूच आता भाकरी करते. नातू 'आप्पा' म्हणायला शिकतोय, पण सध्या ते मांजराला म्हणतो. चार पत्रकं भरली. फोन संपल्यावर मी ती आप्पांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ बोटानं वाचली. दोनदा वाचली. मग माझ्याकडं वळले.

"ह्यात हसल्याली कुठं लिवलंय?"

"काय?"

"तीनदा हसली ती. दोनदा बारीक. येकदा मोठ्यानं, पार मनगटापतोर आलं. ते कुठाय?"

मी कागद चाळले. मी बातम्या लिहिल्या होत्या. हसण्याला मी बातमी धरलं नव्हतं.

"मोठ्यानं कशापायी हसली, ते तरी सांग."

मला आठवेना. तेव्हा समोरून कमळाकाकू आली, आप्पांच्या पुढ्यात उन्हाकडं तोंड करून उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुमी 'लई बेस झालं' म्हणलाव ना, त्यापायी. म्हणली, माझा बाप पोरीचा हात मोडला तर साखर वाटंल."

आप्पांनी ते तिच्या ओठांवरून वाचलं. बॉक्स केव्हाच बंद झाला होता. तरी त्यांनी हात परत त्याच्यावर ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

"हां," ते म्हणाले. "मंग साउंड बराबर हाय."