मापाला माणूस

इंग्लंडमधल्या एका जुन्या कॅथेड्रलचा मनोरा पडतो की काय, या काळजीनं वारूळवाडीत एक माणूस झुरत होता. आमचे शेजारी बबनअण्णा. उभी हयात टोमॅटोत गेली, पण सकाळी मी फोटो स्टुडिओचं शटर वर केलं की अण्णा दारात हजर. "राव, धोका हाय."

अण्णांची एकुलती एक लेक सुजाता त्या कॅथेड्रलच्या गावात नर्स आहे. तिची खोली मनोऱ्याच्या समोरच. तिकडं पोचल्यावर तिनं कॅथेड्रलमध्ये मांडलेल्या जुन्या फोटोंचे फोटो पाठवले. भेगाळलेली भिंत, लाकडी टेकू आणि पायथ्याशी टोपी घातलेला एक मिशाळ गडी. "ह्यो कशाला मधी?" अण्णांनी विचारलं. भिंतीची उंची कळावी म्हणून मापाला माणूस उभा करायचे, असं मी सांगून बसलो. माझ्या जिभेला हाड नाही.

मनोऱ्याची दुरुस्ती तेव्हा पुन्हा सुरू झाली होती. अण्णांनी फोनवर हुकूम सोडला, "सुजा, दर रविवारी मनोऱ्याचा फोटू धाड. अन् मापाला तू उभी ऱ्हा."

बिचारी थंडीत कुडकुडत उभी राहायची. अण्णा माझ्याकडून मोठी प्रिंट काढून घ्यायचे आणि मनोऱ्याभोवती बांधलेल्या परांचीवरून बोट फिरवायचे. "ही काय बांधणी झाली? माझ्या टोमॅटोचा मांडव बरा. वारं सुटलं म्हंजी?" तिकडं वादळाची बातमी आली की इकडं अण्णांना घास गोड लागायचा नाही. सगळी आळी त्यांची चेष्टा करायची, आणि त्यात मी पुढे.

गेल्या रविवारी फोटो आला तो बिनपरांचीचा. काम संपलं होतं. मनोरा नुकतं न्हाऊ घातल्यासारखा लख्ख दिसत होता.

"अण्णा, पेढे काढा!"

अण्णा स्टुलावर मटकन बसले. "आता फोटू कशाच्या नावानं मागू?"

"अवो, फोनवर बोलताच की रोज."

"बोलती. मजेत हाय म्हनती अन् ठेवती." त्यांनी पिशवीतून अगदी पहिली प्रिंट काढली आणि नव्या फोटोशेजारी धरली. "मनोरा व्हता तेवढाच हाय, राव. पोरगी बघ."

मी बघितलं. प्रत्येक प्रिंट मीच काढली होती, पण बघितला होता तो मनोराच. तोच निळा कोट आता तिच्या अंगावर लोंबत होता. गालफडं वर आली होती.

अण्णांनी चष्मा पुसला. "जरा मोठं करून बघ. कुठं चीर-बीर ऱ्हायली न्हाई ना?"

भिंत धडधाकट होती. मी उगाच बराच वेळ स्क्रीनमध्ये डोळे घालून बसलो.

"हाय, अण्णा. डाव्या अंगाला. बारीक हाय, पण हाय."

अण्णांनी तिथूनच फोन लावला. "सुजा, धोका हाय. फुडल्या रविवारी परत उभी ऱ्हा. अन् पोटभर जेवून ये गं, माप नीट आलं पायजे."