तात्यांची अर्धी घोषणा

आमच्या गल्लीत अर्धं वाक्य बोलून थांबायची सोय नाही. थांबलात की उरलेलं अर्धं समोरच्या माडीवरून येतं. सकाळी भाजीवाली ओरडते, "ताजी मेथी..." की वरून आवाज, "मिळालीच पाहिजे." कुणी शेजारणीला विचारतं, "गॅस?" की, "आलाच पाहिजे." माझ्या पुतणीच्या लग्नात गुरुजींनी माइकवरून "मुलीचे मामा..." एवढं म्हणून श्वास घेतला, तर मागच्या खुर्च्यांवरून खणखणीत उत्तर आलं, "आलेच पाहिजेत." मामा जेवणाच्या हॉलमधून धावत आले.

हे आमचे तात्या. मूळचे वडूजकडचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आणि सांगलीच्या गावभागात माझ्या घरासमोर राहणारे. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे त्यांची एक गोष्ट मला मनापासून आवडते. हा माणूस लिंगवचनात कधी चुकत नाही. मेथी मिळालीच, गॅस आलाच, पाणी आलंच. माझी नववीची पोरं 'माझा पेन' की 'माझं पेन' यावर वर्षभर अडखळतात, आणि इथं फुकटात शिकवणी चालू असते.

वाक्याचा पहिला अर्धा भाग मात्र तात्या कधी बोलत नाहीत. तो भाग शालनकाकूंचा. काकू त्यांच्या पत्नी, माहेर नागपंचमीला जिवंत नाग पुजणाऱ्या शिराळ्याचं. अंगणवाडीत सेविका होत्या आणि मानधनवाढीच्या मोर्चात घोषणा द्यायचं काम त्यांच्याकडे असायचं. आम्ही नागाला भ्यालो न्हाई, सायबाला काय भ्यायचंय, असं त्यांचं म्हणणं. तात्या रजा टाकून डबा आणि पाण्याची बाटली घेऊन मोर्चाच्या शेपटाला चालायचे. काकूंनी पुढून घोषणा दिली की बायकांच्या आवाजात एकच जाडाभरडा आवाज मिसळलेला ऐकू यायचा.

घरीही तीच रीत. काकूंनी म्हणायचं, यंदा माडीला रंग, आणि तात्यांनी म्हणायचं, दिलाच पाहिजे. "आमी वडूजकडची दुष्काळी माणसं," तात्या सांगायचे, "शब्दबी पाण्यागत जपून वापरतो." असा अर्ध्या अर्ध्या वाक्यांचा संसार सुखाने चालला होता.

मग काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बरेच सुधारले, बोलणं तेवढं गेलं. ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं, पण तोंडातून "हं" पलीकडे काही निघेना. त्यांच्याशी बोलत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता जन्मभर उत्तरं दिलेल्या माणसाने बोलण्याला सुरुवात करायची तरी कशी? तात्या चहा करून काकूंच्या पुढ्यात ठेवायचे, शेजारी बसायचे आणि दोघं गॅलरीतून रस्ता बघत राहायची. घरात उत्तर द्यायला काही उरलं नाही, म्हणून तात्या सगळ्या गावाला उत्तरं देत सुटले. आम्ही त्यांना हसायचो, पण ते एकटे पडले होते, एवढाच त्याचा अर्थ होता.

मोर्चा कुणाचाही असो, तात्या त्यात असायचेच. तुम्ही नेमके कोणत्या पक्षाचे, असं मी एकदा विचारलं. "आमी पाहिजेवाले," ते म्हणाले. "पुढारी विरोधात हुते तवा मागत हुते, सत्तेत आल्यावरबी मोर्चा काढून मागत्यात. मग द्यायला कोण हाय मास्तर?" याचं उत्तर मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सापडलेलं नाही. मी आपला मत देतो, कर भरतो आणि उरलेला देश कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर उभा राहून चालवतो. मोर्चा दिसला की शेजारच्या बोळात शिरतो.

पण तात्यांनी ही सोयही ठेवली नाही. प्रत्येक मोर्चा आमच्याच गल्लीतून जावा, हा त्यांचा दुसरा नाद. वास्तविक कलेक्टर ऑफिस एकीकडे, आमची गल्ली भलतीकडे. समोरासमोर दोन रिक्षा आल्या तर एकीला मागे जावं लागतं, एवढी तिची रुंदी. तरी तात्या पुढाऱ्यांना आदल्या दिवशी गाठायचे. हितनं सावली हाय, हितं समद्यांस्नी पाणी पाजतो, हितं मतंबी लय हायती. बरेच जण बळी पडायचे. मी उत्तरपत्रिका घेऊन बसलो की खिडकीखाली कुणाचा तरी धिक्कार सुरू.

एकदा मी वैतागून विचारलंच, जगातले सगळे मोर्चे आपल्याच गल्लीतून कशाला?

"तिला ऐकू येतंय न्हवं," तात्या म्हणाले. "जलम घोषणा देण्यात गेला तिचा. एखाद्या मोर्चाला तरी ऱ्हावणार न्हाई, निघंल काय तरी तोंडातनं." मग चप्पल सारखी करत म्हणाले, "माझ्यानं काय ते पहिलं बोलणं जमत न्हाई बगा."

त्यानंतर मोर्चा आला की मी खिडकी लावायचं बंद केलं.

अलीकडेच आमच्या भागातली पोरांची अभ्यासिका बंद झाली. जत, शिराळा, कुठून कुठून आलेली पोरं तिथे स्पर्धा परीक्षांचा, पोलीस भरतीचा अभ्यास करत. एके दिवशी दाराला कुलूप आणि 'दुरुस्तीसाठी बंद' असा कागद, खाली सही 'संबंधित अधिकारी'. हे संबंधित कोण, ते शोधत पोरांनी बरेच उंबरे झिजवले. प्रत्येक जण म्हणे, मी नव्हे. शेवटी जतकडच्या ऋतुजा नावाच्या मुलीने मोर्चा ठरवला, आणि तात्या मार्ग सांगायला हजर झाले. तुमच्या गल्लीत कुणी साहेब राहतो का आजोबा, असं तिने हसत विचारलं. साहेब न्हाई, साहेबीण राहती, असं तात्यांचं उत्तर. मुलगी हुशार असावी. तिने जास्त चौकशी न करता मार्ग बदलला.

मोर्चा निघाला, पण निम्म्या पोरांचे मोबाइल वर आणि तोंडं बंद. सगळी शूटिंग घेण्यात गुंग. "समदीच फोटू काढाय लागल्यावर मोर्चात कोण हाय रं?" असं तात्यांनी विचारलं, तेही कुणीतरी शूट केलं. घोषणा ऋतुजा एकटीच ओढत होती. आमच्या गल्लीत, नेमका काकूंच्या गॅलरीखाली, तिचा घसा बसला. घोषणेचा आवाज निघेना. तिने तात्यांना खुणेनं पुढे बोलावलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, तुम्ही द्या.

तात्या मागे सरकले. "माझं काम उत्तराचं हाय, पोरी. पहिलं मला येत न्हाई."

मोर्चा थांबला. वर काकू खुर्चीतून वाकून बघत होत्या. बंद पडलेला मोर्चा त्यांना कधीच खपत नसे. त्यांनी चांगला हात गॅलरीच्या कठड्यावर आपटला, पुन्हा आपटला. तात्यांनी वर पाहिलं. मग घरातल्या माणसाला दारातून काहीतरी विचारावं, तेवढ्याच आवाजात ते म्हणाले, "अभ्यासिका चालू..."

ही घोषणा आहे हे पोरांना कळलंच नाही, त्यामुळे खालून कुणी उत्तर दिलं नाही.

वरून आलं, "झा... झालीच पायजे."

जीभ जड होती, पण आवाज काकूंचाच. तात्या तसेच वर बघत राहिले. मग जरा मोठ्याने म्हणाले, "अभ्यासिका चालू..." या वेळी पोरं मुद्दाम गप्प राहिली. "झालीच पायजे," काकू म्हणाल्या. मी खिडकीत उभा होतो आणि मला रडू आवरलं नाही.

पुढे कुलूप निघालं. संबंधित अधिकारी अजून सापडलेले नाहीत. डॉक्टर मात्र सावधपणे बोलले. वर्षानुवर्षं तोंडात बसलेले शब्द आपोआप बाहेर पडतात, त्याला बोलणं समजू नका, फार आशा धरू नका. तात्या पडल्या चेहऱ्याने हे मला सांगायला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत दात घासत होतो. समोरून तात्यांचा आवाज आला, नवशिक्यासारखा चाचरत. "चहा..."

मी ब्रश तोंडात तसाच धरून थांबलो.

"झालाच पायजे."

झालाच. अभ्यासिका झालीच आणि चहा झालाच. नुसतं तोंडात बसलेलं असतं तर लिंग कशाला बदललं असतं? मी ब्रशसकट जिना उतरलो, समोरचा चढलो आणि तात्यांना हे व्याकरण समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मी पुन्हा सांगितलं ते पुन्हा ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि आधणात कपभर पाणी वाढवलं. मग काकूंकडे वळून म्हणाले, "मास्तरांच्या चहात साखर..."

काकूंना वेळ लागला. आम्ही दोघंही थांबलो.

"घातलीच पायजे," त्या म्हणाल्या.

मला डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. मी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.