तीन नंबरला दोघं

शब्बीरभाई कंप्युटर दुरुस्त करण्यापूर्वी त्याची हजेरी घेत. पडद्यावर यंत्राच्या भागांची यादी उघडायची, बोट ठेवायचे आणि नंबर पुकारायचा. "शून्य?" मग आवाज बारीक करून स्वतःच उत्तर द्यायचे, "घड्याळ, हाजिर." "एक?" "कीबोर्ड, हाजिर." असे पंधरापर्यंत. मध्ये कोणी बोलले तर पुन्हा शून्यापासून. लातूरच्या एका बँक मॅनेजरने मध्येच चहाचे विचारले, साखरेचे विचारले, नंतर कप कुठे ठेवू म्हणून विचारले. हजेरी चार वेळा झाली. मॅनेजरनेच मला हे सांगितले. त्याचा धक्का अजून ओसरला नव्हता.

पूर्वी शब्बीरभाई रेडिओ दुरुस्त करीत. मग शिकवण्यांची लाट आली. आमच्या गल्लीतल्या एका इमारतीत तळाला फिजिक्स, वर केमिस्ट्री आणि जिन्याखालच्या खोलीत शब्बीरभाईंचा कंप्युटर क्लास. कंप्युटर दोन, विद्यार्थी बावीस, त्यांत बालाजी पाच. आमच्याकडे बालाजींचा तुटवडा कधी पडला नाही. बाकीचे सर त्यांना बालाजी एक, बालाजी दोन म्हणत. शब्बीरभाई गावावरून हाक मारत: बालाजी हदगाव, बालाजी धर्माबाद. औशाचे दोघे निघाले, तेव्हा एक झाला बालाजी औसा एसटी आणि दुसरा बालाजी औसा सायकल. क्लास सोडलेल्याचे नाव ते पटातून काढत नसत. एक जण पुण्यात नोकरीला लागला, लग्न झाले, तरी त्याची रोज गैरहजेरी लागे. मी कारण विचारले. म्हणाले, "गेला म्हणून काय झालं? नाव तर हाय ना."

मी तेव्हा एका दैनिकाचा लातूरचा वार्ताहर होतो. नांदेडच्या मुख्य कार्यालयाने मला लॅपटॉप दिला. त्याच्या कडेला एक मोडेम कार्ड खोचायचे, त्याला फोनची वायर जोडायची, की बातमी नांदेडला. लॅपटॉप आला त्याच दिवशी कार्यालयाने फॅक्स मशीन उचलून नेले. फोनवर बातमी उतरवून घेणारा माणूसही दुसऱ्या कामाला लावला.

भूकंपानंतर वसवलेल्या एका गावात आठ दिवस नळाला पाणी नव्हते. मंत्री दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे येणार होते. बातमी संध्याकाळी सहापर्यंत नांदेडला पोचली, तरच ती त्यांच्या आधी छापून येणार होती. मी सकाळी गावात जाऊन आलो, लिहून काढले आणि साडेतीनला कार्ड खोचले. मोडेम मुका. यादीत त्याच्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह.

मी शब्बीरभाईंना बोलावणे पाठवले. ते दारात आले आणि कुठल्या गावची बातमी आहे, एवढेच विचारले. मी नाव सांगितले. त्यांनी परत जाऊन क्लासला सुट्टी दिली. ईद सोडली तर त्या क्लासला सुट्टी मिळाल्याचे कोणी पाहिले नव्हते. वरच्या केमिस्ट्रीचे सर जिन्यात येऊन बघत राहिले.

हजेरी सुरू झाली. तीनवर शब्बीरभाई थांबले. "मोडेम, हाजिर." बोट हलले नाही. "इन्फ्रारेड, हाजिर." त्यांनी चष्मा काढला.

"तीन नंबरला दोघं हाय, साहेब."

मग त्यांनी समजावले. यंत्राच्या मेंदूला काही सांगायचे तर प्रत्येक भागाला बेल वाजवावी लागते. ज्याचा त्याचा नंबर म्हणजे ज्याची त्याची बेल. दोघांची बेल एक झाली, की आतल्याला कळत नाही दारात कोण आहे. एकाला दार उघडते, दुसरा उभा राहतो.

इन्फ्रारेड म्हणजे लॅपटॉपच्या मागची काळपट लाल काच. समोर तसलेच दुसरे यंत्र असेल, तर तिच्यातून बिनतारी मजकूर जातो. आमच्याकडे तसले दुसरे यंत्र नव्हते. मी नांदेडला फोन केला. तिथला कंप्युटरवाला म्हणाला, इन्फ्रारेड बंद करून टाका, दोन मिनिटांचे काम आहे. मी निरोप सांगितला.

"न्हाई," शब्बीरभाई म्हणाले. "काढायचं न्हाई कुणाला. दुसरा नंबर बघून देतो."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. पुढचा दीड तास मी तेच केले. ते रिकामा नंबर शोधत, तो काचेला देत, यंत्र बंद करून चालू करत. चालू होता होता यंत्र तो नंबर परस्पर तिसऱ्यालाच देऊन मोकळे होई. की पुन्हा शून्यापासून हजेरी. एकदा आवाज गेला, एकदा माऊस गेला. केमिस्ट्रीचे सर बेंझिनपर्यंत पोचल्याचे माझ्या खिडकीतून ऐकू येत होते. सव्वापाच वाजले. मी जे बोललो त्यातले छापण्याजोगे एवढेच, की तिकडे अख्खे गाव तहानलेले आहे आणि तुमच्या या काचेला काही तहान लागत नाही.

शब्बीरभाईंचा हात थांबला. वर न बघता त्यांनी सांगितले. भूकंपानंतर ते सरकारी कामावर रोजंदारीने घरे द्यायच्या लोकांच्या याद्या टाइप करीत. याच गावाच्या यादीत सत्यभामा बालाजी जाधव हे नाव दोनदा आले. वयही तेच. टायपिंगची चूक समजून त्यांनी एक नाव काढले. गावात सत्यभामा दोन होत्या आणि दोघींच्या नवऱ्यांचे नाव बालाजी होते. बाकी सगळ्यांना वेळेवर घरे मिळाली. दुसरीला दीड वर्षाने मिळाले. तोवर ती पत्र्याच्या शेडमध्ये एकटी राहिली.

"एक कळ दाबली, साहेब. आवाज बी झाला न्हाई."

ते कामाला लागले. दहा नंबर काचेला दिला, यंत्र चालू केले, हजेरी घेतली. दहाला इन्फ्रारेड, तीनला एकटा मोडेम. वायर जोडली. मोडेम किंचाळला. सहाला वीस मिनिटे होती.

बातमी जात असताना शब्बीरभाई ती पडद्यावर वाचत होते. एका ओळीपाशी त्यांनी बोट ठेवले. 'घागरभर पाण्यासाठी सकाळ जाते, असे सत्यभामा बालाजी जाधव यांनी सांगितले.'

"ह्या कोणत्या?"

नाव, वय, गाव विचारल्याशिवाय मी आजवर कोणाचे वाक्य छापले नव्हते. त्या बाईंना मी तिन्ही विचारले होते. ते आता पुरत नव्हते. मला माहीत नाही, असे मी सांगितले.

बातमी पोचल्याचा निरोप आला. शब्बीरभाई वायर गुंडाळत राहिले. त्या गावात ते आजवर एकदाही गेले नव्हते. उद्या मंत्र्यांसाठी मी कोणत्या गाडीने जाणार, असे त्यांनी विचारले. साडेआठच्या, मी म्हणालो.

"मी बी येतो. दोघींच्या घरी जाऊ." वायर गुंडाळून झाली होती, तरी त्यांचे हात थांबेनात. "पण मी कोण, ते तुम्ही सांगा, साहेब. मला न्हाई जमायचं."